ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांवरची पांढरी बुरशी परत परत येतेय? आमच्या इंदूरच्या घरात ती कशी थांबली

आधी मुद्द्याचं सांगते. तुमच्या ॲक्सोलॉटलच्या (पालीसारखा दिसणारा, पाण्यातच राहणारा मेक्सिकोचा उभयचर) कल्ल्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी येतंय, मिठाच्या पाण्याने ते जातंय आणि दहा-पंधरा दिवसांत तिथेच परत उगवतंय, असं असेल तर बुरशी हा खरा आजार नाहीये. पाण्यात काहीतरी बिघडतंय आणि तुम्ही ज्या वेळी पाणी तपासता त्या वेळी ते दिसत नाहीये. हे एवढंच मला डिसेंबरात कोणी सांगितलं असतं तर आमच्या माव्याचे (हे आमच्या ॲक्सोलॉटलचं नाव) चार महिने हालात गेले नसते. म्हणून सगळं लिहून काढतेय, जरा लांब होईल.

मावा आमच्याकडे आला तो असा. आत्याकडे राजेंद्र नगरला वरच्या खोलीत एक मुलगा भाड्याने राहायचा, कोचिंगसाठी आलेला. तो गावी गेला आणि आजारी पडून तिकडेच राहिला, दीड महिन्यांनी घरचे सामान न्यायला आले आणि काचेची टाकी काही नेता येईना म्हणून ठेवून गेले. आत्याचा फोन, "अगं, वर पालीसारखा मासा आहे काहीतरी, मला वाटलं मेलाय पण हलतोय, तू ये बाई लवकर." मी सहा-सात वर्षं गप्पी आणि मॉली मासे पाळतेय म्हणून घरात असलं काही निघालं की फोन मलाच येतो.

टाकीतलं पाणी हिरवं, तळाला निळे-लाल गोटे, फिल्टर बंद, आणि सोबत दोन टायगर बार्ब जे त्याचे कल्ले कुरतडत होते. माशांसोबत ॲक्सोलॉटल ठेवू नका हे इथेच सांगून टाकते, मासे कल्ल्यांना खाद्य समजतात. ॲक्सोलॉटलच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन देठ असतात आणि त्यांच्यावर पिसासारखी लाल झालर असते. माव्याचे सहाही देठ जवळजवळ बोडके होते आणि उजवीकडच्या मधल्या देठावर पांढरा गोंडा, तो हलला की गोंडा मागून सावकाश हलायचा. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलेलं. डाव्या पुढच्या हाताला बोटंच नाहीत. पोट डोक्यापेक्षा बारीक, आणि ही खूण लक्षात ठेवा, नीट खाणाऱ्या ॲक्सोलॉटलचं पोट साधारण डोक्याएवढंच रुंद असतं, वजनकाट्याची गरज नाही, वरून बघितलं तरी कळतं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. घरचे म्हणाले तो बिचारा पाणी आरओचंच घालायचा, एकदम शुद्ध म्हणून. पण इथेच बरेच जण चुकतात. ॲक्सोलॉटलला पाण्यात क्षार लागतात, जरा जड पाणीच मानवतं, आणि आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. आपल्या नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातलं क्लोरीन काढलं की ते त्याच्यासाठी आरओपेक्षा कितीतरी बरं.

पहिला महिना टाकी नाहीच, टब. दहा लिटरचे दोन प्लास्टिकचे टब घेतले, झाकणाला भोकं पाडली, रोज संध्याकाळी दुसऱ्या टबमध्ये ताजं, क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं पाणी भरायचं आणि माव्याला हलक्या हाताने तिकडे न्यायचं. रोज म्हणजे रोज, आणि पूर्ण पाणी, कारण टबात फिल्टर नसतो आणि त्याची घाण त्यालाच भाजते. क्लोरीन काढायचं लिक्विड घेताना बाटलीवरचं नीट वाचा, कोरफडीचा अर्क असलेलं घेऊ नका, माशांसाठी म्हणून ते घालतात पण उभयचरांची त्वचा वेगळी असते, जे पाण्यात असेल ते ती आत ओढून घेते. जाळीने पकडू नका, कल्ले आणि बोटं अडकतात, एखादा डबा पाण्यात बुडवून त्यात त्याला चालत येऊ द्या.

खायला सुरुवातीला फ्रोझन ब्लडवर्म (बारीक लाल अळ्या), तेही अर्धा चमचा. उपाशी जीवाला पहिल्या दिवशी पोटभर द्यायचं नाही. दोन दिवस त्याने तोंडच उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी रात्री लाइट बंद केल्यावर खाल्लं. त्यांना पापण्या नसतात, उजेडाचा त्रास होतो, म्हणून टबावर जुना टॉवेल टाकून ठेवा आणि काळोखात द्या. मग गांडुळं. यात एक गोम आहे. आपल्याकडे गांडूळखताच्या खड्ड्यात जी लाल, चपळ गांडुळं मिळतात ती कडू रस सोडतात, मावा तोंडात घ्यायचा आणि थूं करून टाकून द्यायचा, मला वाटलं भूकच गेलीय याची. साधी मातीतली, फिकट, जाड गांडुळं आणल्यावर त्याने अशी ओढून घेतली की मी आणि आई बघतच राहिलो. फक्त ज्या बागेत कीटकनाशक मारतात तिथली आणू नका, आणि एक दिवस ओल्या मातीत ठेवून, धुऊन, तुकडे करून द्या.

नवव्या दिवशी टबाच्या तळाला दोन निळे गोटे दिसले, हरभऱ्याएवढे. त्याच्या पोटातून निघाले होते. ॲक्सोलॉटल तोंड एकदम उघडून पाणी आणि खाद्य दोन्ही ओढून घेतो, तळाला गोटे असले तर तेही जातात आणि आतडं बंद पडून जीव जातो. हा वाचला. तळ एकतर मोकळा ठेवा नाहीतर अगदी बारीक वाळू, मधलं काही नको.

बुरशीसाठी मिठाचं पाणी. आयोडीन नसलेलं, काही मिसळलेलं नसलेलं मीठ, १ लिटरला २ सपाट छोटे चमचे, वेगळ्या डब्यात, दहा मिनिटं, घड्याळ लावून, दिवसातून एकदा. पंधरा मिनिटांच्या वर कधीच नाही, कल्ले आधीच नाजूक झालेले असतात. तो तडफडायला लागला तर लगेच बाहेर. टबाच्या पाण्यात देशी बदामाचं एक वाळलेलं पान, आपल्या कॉलन्यांत ही झाडं किती आहेत, धुऊन टाकलं की पाणी चहासारखं होतं, त्यातलं टॅनिन त्वचेला आराम देतं. पाचव्या दिवशी गोंडा सुटला. मला वाटलं झालं.

तोवर टाकी तयार करत होते, नव्वद लिटरची, तळ मोकळा, एक स्पंज फिल्टर. टाकी तयार करणं म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्राण्याच्या घाणीतून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरं थोडं चालतं. हे जिवाणू स्पंजवर, काचेवर, तळावर राहतात आणि तयार व्हायला चार ते आठ आठवडे लागतात. मी माझ्या जुन्या गप्पीच्या टाकीतला मुरलेला स्पंज लावला म्हणून लवकर झालं. जानेवारीच्या सुरुवातीला पाणी तपासायच्या थेंबांच्या किटवर अमोनिया ०, नायट्राइट ०, आणि मावा टाकीत गेला. इंदूरची थंडी होती, पाणी आपोआप १६-१७ अंशांवर, त्याला हवं तेच. पट्ट्यांची किट घेऊ नका, पुष्कळ पट्ट्यांवर अमोनियाचा चौकोनच नसतो.

आणि मग सुरू झालं ते. जानेवारीच्या मध्यावर परत गोंडा, त्याच मधल्या देठावर. मीठ, चार दिवस, गेला. महिनाअखेरीस परत, आता डावीकडेही. मीठ. फेब्रुवारीत परत. दर वेळी नवीन आलेली झालर झडून जायची आणि तो एका कोपऱ्यात काचेला तोंड लावून, कल्ले पुढे वळवून बसायचा. त्याला असा बसलेला बघून ऑफिसात लक्ष लागायचं नाही माझं. दुकानात गेले तर भैयाने हिरवट-निळ्या औषधाची बाटली पुढे केली, "दीदी, ये डाल दो, दो दिन में साफ." मी बाटली फिरवून वाचलं, त्यात मॅलाकाइट ग्रीन होतं. माशांच्या औषधात मॅलाकाइट ग्रीन नाहीतर तांबं असेल तर ते ॲक्सोलॉटलला देऊ नका, त्याने तो मरू शकतो. बुरशीवर औषधच लागलं तर मिथिलीन ब्लू, तेही माशांच्या अर्ध्या मात्रेत आणि वेगळ्या टबात, मुख्य टाकीत टाकलं तर तुमचे जिवाणूच मरतील.

मी एक वही घातली होती. तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट, काय खाल्लं. दर शनिवारी पाणी तपासायचे, दर शनिवारी अमोनिया ०. त्यामुळे पाणी चांगलं आहे याबद्दल मला शंकाच नव्हती, मी मिठाची मात्रा, मिठाची जात, बदामाची पानं यातच गुंतलेली.

फेब्रुवारीच्या शेवटी लग्नासाठी बहीण आणि भाचा आले होते. भाच्याला त्या टेस्टचा भारी नाद, थेंब टाकले की नळीत रंग येतो म्हणून. तो मंगळवार होता. नाही म्हणता म्हणता मी दिली त्याला करायला. पाच मिनिटांनी तो नळी उजेडाकडे धरून म्हणाला, "मावशी, पिवळा येतो म्हणालीस ना? हा तर हिरवा आहे." मी हातातलं काम टाकून आले. कार्डाशी लावून बघितलं, ०.५ आणि १ च्या मध्ये कुठेतरी. परत केली, तोच रंग. आणि आमच्या पाण्याचा पीएच किटवर ८ च्या जवळ येतो, पीएच आणि तापमान जितकं जास्त तितका अमोनियाचा जास्त भाग विषारी रूपात असतो, म्हणजे हाच आकडा कमी पीएचच्या पाण्यात जितका वाईट त्यापेक्षा आमच्याकडे जास्त वाईट.

त्या रात्री वही घेऊन बसले आणि बुरशी दिसल्याच्या तारखांवर लाल पेनाने गोल केले. सगळे गोल बुधवार-गुरुवारचे. आणि प्रत्येक गोलाच्या आधीच्या रविवारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "सफाई. स्पंज धुतला." दर दुसऱ्या रविवारी मी स्पंज काढून अंगणातल्या नळाखाली चोळून चोळून, पांढरं पाणी येईपर्यंत धूत होते. नळाचं पाणी म्हणजे क्लोरीन. म्हणजे दर पंधरा दिवसांनी मी माझ्या हाताने बहुतेक जिवाणू मारत होते, दोन दिवसांत अमोनिया चढायचा, त्याने कल्ले भाजायचे, भाजलेल्या कातडीवर बुरशी बसायची (तिचे बीजाणू पाण्यात नेहमीच असतात, निरोगी कातडीचं ते काही करू शकत नाहीत), मी घाबरून पाणी बदलायचे, उरलेले जिवाणू हळूहळू वाढायचे, आणि शनिवार येईपर्यंत अमोनिया परत ०. मी नेमकी तेव्हाच मोजत होते.

गप्पीच्या टाकीत हेच वर्षानुवर्षं करत आले आणि कधी काही झालं नाही, कारण तिथे तळाला खडी आहे, झाडं आहेत, जिवाणू सगळीकडे पसरलेले. माव्याच्या टाकीचा तळ मोकळा, झाडं नाहीत, त्यांचं सगळं घर त्या एका स्पंजात. शिवाय गप्पी किती, हा केवढा, याची घाणही तेवढीच जास्त. त्यामुळे "मी इतकी वर्षं असंच करते" हे इथे उपयोगाचं नाही.

तुमच्याकडे हेच होत असेल तर काय करायचं ते सांगते. प्राणी परत टबात, रोज पूर्ण पाणी, मीठ फक्त बुरशी दिसत असेल तरच. टाकीतून बादलीभर पाणी काढायचं आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळायचा, बस, तो मळकटच दिसला पाहिजे. नळाखाली कधीच नाही. एकाऐवजी दोन स्पंज फिल्टर लावा आणि एका वेळी एकच पिळा, दुसरा पुढच्या महिन्यात. टँकरचं पाणी आलं असेल त्या दिवशी क्लोरीनचा वास जास्त असतो, त्या दिवशी पाणी बदलणं पुढे ढकला. उरलेलं खाद्य आणि विष्ठा रोज मोठ्या पिचकारीने ओढून घ्या, स्पंजावर भार कमी. आणि टेस्ट सफाईनंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी करा, आधी नाही. एकदा तरी सलग सात दिवस रोज करा, थेंब जातील पण खरं चित्र दिसेल. आमची टाकी परत मार्गावर यायला अठरा दिवस लागले.

मार्च अख्खा छान गेला. झालर भरायला लागली, डाव्या हाताच्या टोकाला साबुदाण्यासारखा पारदर्शक ठिपका आला, मग त्याला खाचा पडल्या. ॲक्सोलॉटल तुटलेला हात, शेपूट, कल्ले सगळं परत उगवतो, शास्त्रज्ञ त्याच्यावर इतकं संशोधन करतात ते त्यासाठीच. १८६४ मध्ये मेक्सिकोहून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले होते, आज जगभर लॅबमध्ये असलेल्यांपैकी पुष्कळसे त्यातल्याच मोजक्या जनावरांचे वंशज. आणि मूळ ठिकाणी, मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांत, तो संपत आलाय, अतिशय धोक्यात असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. आत्याच्या वरच्या खोलीत जो जीव दीड महिना हिरव्या पाण्यात पडून होता तो हा, हे मनात आलं की मला अजून गलबलतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गोंडा परत आला.

खरं सांगते, मी रडले. मग सलग चार दिवस अमोनिया तपासला, ०. नायट्राइट ०. स्पंज नीट पिळलेला. वहीत तापमान सकाळी आठला २०, रात्री नऊला २१, जरा जास्त पण चालण्यासारखं. १६ ते १८ उत्तम, २० पर्यंत ठीक, २४ च्या वर त्याच्या अंगावर ताण येतो, भूक मंदावते, प्रतिकारशक्ती जाते आणि बुरशीला आयतं मिळतं. सोचिमिल्को समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर आहे, आपलं इंदूर साधारण साडेपाचशे मीटरवर, एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या पुढे जाणारं, त्यामुळे हा प्राणी इथे पाळायचा म्हणजे उन्हाळ्याशी सामना आहेच.

आईच म्हणाली, "तू दुपारी कुठे असतेस घरी? दुपारी बघ की एकदा." सकाळी आठ आणि रात्री नऊ, मी घरी असते त्याच वेळा. आणि आपल्याकडे शब-ए-मालवा, म्हणजे मालव्याची रात्र, म्हणतात ते काही उगाच नाही, सूर्य कलला की वारा सुटतो, खिडक्या उघडल्या की घर थंड होतं, त्या वेळी मोजलं तर सगळं छानच दिसणार. दिवसभराचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान लक्षात ठेवणारं साधं डिजिटल थर्मामीटर आणलं, वायर पाण्यात सोडली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी जास्तीत जास्तचा आकडा, २६.४. टाकी हॉलमध्ये पश्चिमेच्या भिंतीला होती. म्हणजे शनिवारी अमोनिया मोजणं आणि सकाळी-रात्री तापमान मोजणं, चूक तीच, दुसऱ्यांदा.

आणि एक दुसरी गोष्ट त्याच वेळी सापडली. आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते, बाकी दिवस छतावरच्या टाकीचं पाणी. मी पाणी बदलायचे ते दुपारभर तापलेल्या त्या काळ्या टाकीतलं, बादलीत काढून लिक्विड टाकून लगेच. थर्मामीटर बादलीत घातलं तर ३५. वीस लिटर असं पाणी एकदम आत गेलं की त्या जीवाला काय होत असेल.

मग बदल केले. टाकी आतल्या खोलीत नेली, जिथे बाहेरची एकही भिंत तापत नाही, जमिनीलगतच्या पाटावर. काचेचं झाकण काढून जाळी बसवली आणि दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावले. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात याचा खरंच फायदा होतो, पाणी उडतं आणि उरलेलं गार होतं, आमच्याकडे नुसत्या पंख्यांनी ३ अंशांचा फरक पडला. पाणी उडतं तसे क्षार मागे राहतात म्हणून पातळी भरताना थोडं पाणी काढूनच नवीन घालायचं, नुसतं भरत राहायचं नाही. पंखे इन्व्हर्टरवर घ्या, दुपारी लाइट गेली की तासाभरात आकडा चढतो.

पाण्यासाठी आईने माठ सुचवला. नवीन, साधा, आतून-बाहेरून रंग किंवा पॉलिश नसलेला, आठ दिवस पाणी भरून-ओतून चांगला मुरवलेला. नर्मदा येते त्या दिवशी सकाळी थेट नळाचं पाणी, लिक्विड घालून माठात, ओलं फडकं गुंडाळून. दुसऱ्या दिवशी त्यात हात घातला तर गारवा मनगटापर्यंत जाणवतो. तोच आता माव्याचा माठ आहे, त्यातलं दुसरं कोणी घेत नाही. सुरुवातीला मी पीएच तपासला, फारसा फरक नव्हता, तुम्हीही तपासून घ्या.

मेमध्ये तेवढंही पुरलं नाही. लिटरच्या बाटल्या फ्रीझरमध्ये, दुपारी बारा आणि तीनला एकेक तरंगत ठेवायची, आईने ते काम अंगावर घेतलं. एकदम दोन-तीन टाकू नका, तापमान झपकन पडणं हेही वाईटच, तासाला एखाद अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका. बर्फ थेट पाण्यात तर अजिबात नाही. परवडत असेल तर चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्याच, हे माझं स्पष्ट मत, बाटल्या घरात दिवसभर कोणी असेल तरच जमतात. रोज दुपारी घर रिकामं असेल आणि चिलर नसेल तर मी म्हणेन इंदूरमध्ये हा प्राणी हौसेने आणूच नका. काही जण आजारी ॲक्सोलॉटलला फ्रिजमध्ये ५ ते ८ अंशांवर डब्यात ठेवतात, बुरशीची वाढ तिथे मंदावते हे खरं, आईने खालचा कप्पा रिकामाही करून ठेवला होता, पण मी केलं नाही. हळूहळू उतरवावं लागतं, रोज तितकंच थंड पाणी बदलावं लागतं आणि थंडीत पचन जवळजवळ थांबतं, आमचा आधीच वाळलेला होता. ते डॉक्टरांना विचारून करायचं काम आहे.

डॉक्टरांवरून सांगते. महूला व्हेटरनरी कॉलेज आहे त्यामुळे आपल्या भागात जनावरांचे डॉक्टर आहेत, पण उभयचर बघणारे कोण ते आजारी पडायच्या आधी शोधून ठेवा, ऐन वेळी फोन करत बसू नका. पोटावर किंवा पायांवर लाल रेषा, चट्टे दिसले, अंगावर जखम होऊन त्यावर बुरशी आली, उलटा तरंगायला लागला, किंवा दोन आठवडे काहीच खाल्लं नाही तर घरगुती काही करत बसू नका, लगेच न्या. पांढऱ्या गोंड्याला वेळ असतो, लाल चट्ट्यांना नसतो.

आणि कागदपत्रांचं विसरू नका. ॲक्सोलॉटल साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतो, आणि वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाल्यापासून असे परदेशी प्राणी घरात असतील तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. माव्यासारखा कोणी सोडून गेलेला मिळाला तरी जबाबदारी आपल्यावर येते, त्यामुळे पावती नाही, काही नाही म्हणून गप्प बसू नका, वनविभागाशी बोला. तलावात तर चुकूनही सोडू नका, तो जगणार नाही आणि जगला तर तिथल्या जीवांना त्रास.

पावसाळ्याचं एक सांगायचं राहिलं. जूनच्या अखेरीस हवा दमट झाली की पंख्यांचा परिणाम निम्म्यावर येतो, बाहेर गार वाटतं म्हणून आपण बाटल्या बंद करतो आणि पाणी २३-२४ वर जाऊन बसतं. थर्मामीटरचा जास्तीत जास्तचा आकडा जुलैतही रोज बघा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वासही पावसाळ्यात आमच्याकडे जास्त येतो, लिक्विड मोजून घाला, अंदाजाने नाही.

एप्रिलनंतर गोंडा आलेला नाही. वही चालू आहे, फक्त आता टेस्ट मंगळवारी होते आणि दुपारचा आकडा आई लिहिते, तिच्या बारीक तिरक्या अक्षरात, कधी बाजूला "दोन गांडुळं खाल्ली, अजून मागत होता" असंही. काल रात्री टॉर्च खालून धरून बघितला. सहाही देठांवर झालर आहे, उजवीकडच्या मधल्यावर थोडी तोकडी. डाव्या हाताला चार बोटं, चौथं अजून टोकाशी पारदर्शक.